टायटॅनिकचा तक्ता आणि आपला हजेरीपट

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. फळ्यावर काढलेले तक्ते इथे छापले आहेत.)

सर, बाई, आणि मार्च १९९८ च्या दहावीच्या बॅचमधल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला दिलेला विषय होता 'शाळेने मला काय दिलं'. त्यावर सकाळपासून पाच जण बोलले आणि पाचही जण माझ्यापेक्षा चांगलं बोलले. काहींनी डोळे पुसले, काहींनी पुसायला लावले. म्हणून मी विषय बदलून घेतला आहे. मी आज गणिताचा तास घेणार आहे. हसू नका, फळा आहे, खडू आहे, आणि मागच्या बाकांवर जे बसायचे ते आजही मागेच बसलेत, म्हणजे तासाला लागतं ते सगळं आहे.

बाई इथे आहेत म्हणून भीतभीतच सुरुवात करते. बाई, तुम्ही सांख्यिकी शिकवायचात तेव्हा आम्ही त्याला 'फुकटचे मार्क' म्हणायचो. सारणी काढा, बेरीज करा, मध्य काढा, झालं. पण तुमची एक सवय होती. कुणी उत्तर देताना 'साठ टक्के' म्हणालं की तुम्ही खडू हातात तसाच धरून विचारायचात, "कशाचे साठ टक्के? छेदात कोण आहे ते आधी सांग." आम्हाला तो छळ वाटायचा. पुढे इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि नोकरीची वीस-बावीस वर्षं झाली, पण हा प्रश्न मी स्वतःला जितक्या वेळा विचारायला हवा होता तितक्या वेळा विचारला नाही. गेल्या महिन्यात त्यामुळे माझी चांगलीच फजिती झाली. ती सांगायची आहे, पण आधी तक्ता.

दहावीची परीक्षा संपली त्या सुट्टीत आपल्यातले काही जण एस.टी.ने जिल्ह्याच्या गावी जाऊन 'टायटॅनिक' बघून आले होते, आठवतं ना? इंग्रजी कुणालाच धड कळलं नव्हतं. एका मैत्रिणीची आई बरोबर आली होती आणि अमुक प्रसंग आले की ती आम्हाला पर्समधल्या गोळ्या वाटायची, म्हणजे माना खाली जाव्यात. तर ते जहाज १९१२ च्या एप्रिलमध्ये बुडालं. त्यावर ब्रिटिश सरकारने चौकशी नेमली, लॉर्ड मर्सी तिचे प्रमुख होते, आणि त्या चौकशीने कोण वाचलं, कोण बुडालं याचे आकडे वर्गवार मांडले. आमच्या धंद्यात हे आकडे प्रसिद्ध आहेत. 'आर' नावाची सांख्यिकीची एक संगणकप्रणाली आहे, ती घेतली की तिच्याबरोबर हा तक्ता आयताच मिळतो. नवशिक्यांना पहिल्यांदा हाच देतात. तो असा :

वर्ग : वाचले / बुडाले / एकूण
पहिला वर्ग : २०३ / १२२ / ३२५
दुसरा वर्ग : ११८ / १६७ / २८५
तिसरा वर्ग : १७८ / ५२८ / ७०६
जहाजावरचे कर्मचारी : २१२ / ६७३ / ८८५
एकूण : ७११ / १४९० / २२०१

आडव्या ओळीत माणूस कोण होता ते, उभ्या रकान्यात त्याचं काय झालं ते. प्रत्येक माणूस कुठल्या तरी एकाच खणात बसतो. असा दोन बाजूंनी वाचायचा तक्ता म्हणजे द्विमार्गी तक्ता. एवढंच आहे ते. किराणा दुकानदाराच्या वहीत याहून अवघड तक्ते असतात.

आता पहिल्या खणातला २०३ हा आकडा घ्या. पहिल्या वर्गाचे आणि वाचलेले. याचे टक्के काढायचे. बाई विचारतील, कशाचे?

जहाजावरच्या सगळ्या माणसांचे काढले तर २०३ भागिले २२०१, म्हणजे ९ टक्के. पहिल्या वर्गाच्या प्रवाशांचे काढले तर २०३ भागिले ३२५, म्हणजे ६२ टक्के. आणि वाचलेल्यांचे काढले तर २०३ भागिले ७११, म्हणजे २९ टक्के. वर अंश तोच आहे, माणसं तीच आहेत. खालचा छेद बदलला आणि ९, ६२, २९ अशी तीन उत्तरं आली. तिन्ही बरोबर आहेत. फक्त ती तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. जहाजावर कुणाही एकावर बोट ठेवलं तर तो पहिल्या वर्गाचा आणि शिवाय वाचलेला असेल का? पहिल्या वर्गाचं तिकीट हातात असलेला माणूस वाचला असेल का? आणि किनाऱ्याला लागलेला माणूस पहिल्या वर्गाचा असेल का? मराठीत ही तिन्ही वाक्यं घाईत बोलली की सारखीच ऐकू येतात. घोटाळा तिथे होतो.

कर्मचाऱ्यांची ओळ बघा म्हणजे घोटाळा किती मोठा ते कळेल. मी जर पेपरात बातमी दिली की 'वाचलेल्यांत सर्वाधिक संख्या कर्मचाऱ्यांची', तर ती शंभर टक्के खरी बातमी आहे. ७११ पैकी २१२, म्हणजे ३० टक्के. पहिल्या वर्गापेक्षाही जास्त. वाचणारा म्हणेल, बघा, प्रवाशांना सोडून स्वतः पळाले! आता ओळीकडे वळा. ८८५ कर्मचाऱ्यांपैकी २१२ वाचले, म्हणजे २४ टक्के. चारही ओळींत सगळ्यात कमी. जी माणसं सगळ्यात जास्त प्रमाणात बुडाली तीच वाचलेल्यांत सगळ्यात जास्त दिसतात, कारण मुळात जहाजावर तीच सगळ्यात जास्त होती. २२०१ पैकी ८८५ म्हणजे ४० टक्के. काहीच भेदाभेद झाला नसता तर वाचलेल्यांतही ती ४० टक्क्यांच्या आसपास दिसायला हवी होती. दिसली ३० टक्के. पहिला वर्ग जहाजावर होता १५ टक्के, वाचलेल्यांत दिसला २९ टक्के. म्हणून तक्ता वाचताना आतल्या खणाकडे एकदा आणि कडेच्या बेरजेकडे एकदा बघायचं. कडेची बेरीज ज्या कागदावर नसेल त्या कागदावर सही करू नये, असं माझं मत झालेलं आहे.

माझ्या कामात ही चूक मी केलेली आहे, आणि पगार घेऊन केलेली आहे. आम्ही एक मोबाइल अॅप चालवत होतो. आलेल्या तक्रारींची वर्गवारी केली तर बहुतेक तक्रारी एकाच प्रकारच्या फोनवरून आलेल्या. मी मीटिंगमध्ये ठामपणे सांगितलं, दोष त्या फोनवर चालणाऱ्या आपल्या प्रोग्रॅममध्ये आहे. दोन आठवडे चार माणसं त्याच्या मागे लावली. काही सापडलं नाही. मग एका नव्यानेच लागलेल्या मुलाने दबकत विचारलं, "मॅडम, आपले गिऱ्हाईकच बहुतेक त्या फोनचे आहेत ना?" ओळीकडून बघितलं तर त्या फोनवर तक्रारीचं प्रमाण उलट कमी होतं. दोष दुसऱ्याच एका फोनवर होता, तो फारच थोड्या लोकांकडे असल्यामुळे ढिगात दिसत नव्हता. त्या मुलाला मी चहा पाजला. मला मात्र बाईंचा खडू आठवला.

दर वर्षी दहावीचा निकाल लागला की 'मुलींची बाजी' असा मथळा येतो. तो खराच असतो, मुलींच्या उत्तीर्णांचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं. त्याचा मला आनंदही होतो. पण छेदात असतात त्या परीक्षेला बसलेल्या मुली. सातवी-आठवीत ज्यांचं दप्तर घरच्यांनी माळ्यावर टाकलं त्या त्या तक्त्यात कुठल्याच खणात नसतात.

टायटॅनिककडे परत येते, कारण त्यात एक मजा अजून आहे. मजा म्हणणं बरं नाही, माणसं बुडालेली आहेत. पण सांख्यिकीवाल्यांना अशी वाईट सवय असते.

तिसऱ्या वर्गाचे किती टक्के वाचले? ७०६ पैकी १७८, म्हणजे २५. कर्मचारी किती? २४. म्हणजे जवळजवळ सारखेच, तिसरा वर्ग किंचित बरा. आता यात तिसरी गोष्ट घालू, बायका आणि पुरुष. मुलीबाळी बायकांत धरल्या आहेत, मुलगे पुरुषांत.

तिसऱ्या वर्गातल्या बायका : १९६ पैकी ९० वाचल्या, ४६ टक्के
कर्मचारी बायका : २३ पैकी २० वाचल्या, ८७ टक्के
तिसऱ्या वर्गातले पुरुष : ५१० पैकी ८८ वाचले, १७ टक्के
कर्मचारी पुरुष : ८६२ पैकी १९२ वाचले, २२ टक्के

नीट बघा. बायकांत कर्मचारी वरचढ. पुरुषांतही कर्मचारी वरचढ. दोघांना एकत्र केलं की तिसरा वर्ग वरचढ! जादू वाटते, पण नाही. त्या रात्री बायकांना आधी होडीत घेतलं, त्यामुळे बायकांचं वाचण्याचं प्रमाण एकंदरीतच खूप जास्त, ७३ टक्के. पुरुषांचं २१. आणि तिसऱ्या वर्गात चारातली एक तरी बाई होती, कर्मचाऱ्यांत मात्र ८८५ मध्ये फक्त २३. म्हणजे तिसऱ्या वर्गाचा एकूण आकडा बायकांनी वर ओढून धरला आहे आणि कर्मचाऱ्यांचा एकूण आकडा पुरुषांनी खाली. याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. सिम्प्सन हा ब्रिटिश सांख्यिकीतज्ज्ञ, १९५१ मध्ये त्याने त्यावर लिहिलं. एकत्र केलेल्या बेरजेत कोण कुणाच्या जिवावर उभं आहे हे दिसत नाही, म्हणून बेरीज कधीकधी सोडवून बघावी लागते.

पहिल्या वर्गातल्या बायका किती वाचल्या सांगू? १४५ पैकी १४१. आणि सगळ्यात कमी कोण वाचलं असेल? तिसऱ्या वर्गातले पुरुष नाहीत. दुसऱ्या वर्गातले पुरुष, १७९ पैकी २५, म्हणजे १४ टक्के. का, ते तक्ता सांगत नाही. होड्या वीसच होत्या आणि त्यांत मिळून ११७८ माणसांची जागा होती, त्याही भरून सुटल्या नाहीत, होड्या वरच्या डेकवर आणि तिसऱ्या वर्गाच्या खोल्या बऱ्याच खाली, हे सगळं आपल्याला दुसरीकडून ठाऊक आहे. तक्ता नुसता बोट दाखवतो. कारण शोधायला उठून जावं लागतं.

आता माझी फजिती.

या मेळाव्यासाठी माहिती गोळा करायचा गूगल फॉर्म मी केला होता. संयोजक म्हणाले, तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तूच कर. मी पुण्यात बसून एका रात्रीत केला. नाव, तुकडी, शिक्षण, गाव, 'शाळेत असताना फी-पुस्तकांची अडचण आली होती का', शाकाहारी की मांसाहारी. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकला. ६२ जणांनी भरला. त्यातले ५३ पदवीधर निघाले. संगणकाने लगेच रंगीत गोल काढून दिला, ८५ टक्के निळा. मी तो गोल ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली, आणि स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर 'आमच्या बॅचचे ८५ टक्के विद्यार्थी पदवीधर' असं छापायचं ठरलं. शाळेनेही तोच आकडा प्रवेशाच्या पत्रकावर घ्यायचं ठरवलं. मराठी शाळेची पटसंख्या किती अवघड झाली आहे ते सरांनी मघाशी सांगितलंच, त्यामुळे असा आकडा कुणाला नको असतो?

आणि दुसरं, त्या अडचणीच्या प्रश्नाला ६२ पैकी ५५ जणांनी 'नाही' म्हटलं होतं. त्यावरून समितीत ठरलं की आपल्या बॅचच्या निधीतून गरजूंना मदत वगैरे देण्याची आता तेवढी गरज नाही, त्यापेक्षा दहावीत पहिल्या येणाऱ्याला दर वर्षी मोठं बक्षीस द्यावं. मीही हात वर केला होता.

मग शाळेतून आपल्या वर्षाचे हजेरीपट आले. स्मरणिकेत जुनी पानं छापायची होती, म्हणून लेखनिक काकांनी फोटो काढून पाठवले. शाईने लिहिलेली नावं, पुढे 'ह' आणि 'गै'. मी सहज मोजली. तीन तुकड्या मिळून १५४. आणि मग माझ्या डोक्यात खडू हलला. ६२ चे ८५ टक्के. १५४ चे किती?

हजेरीपट एका हातात आणि फॉर्मची यादी दुसऱ्या हातात घेऊन मी हा तक्ता काढला :

तुकडी : फॉर्म भरला / भरला नाही / एकूण
अ : ३७ / १५ / ५२
ब : १७ / ३४ / ५१
क : ८ / ४३ / ५१
एकूण : ६२ / ९२ / १५४

ओळीने वाचा. अ तुकडीतल्या ७१ टक्क्यांनी भरला. ब तुकडीतल्या ३३ टक्क्यांनी. क तुकडीतल्या १६ टक्क्यांनी. आता रकान्याने वाचा. ज्यांचं मत आपण 'बॅचचं मत' म्हणून घेतलं, त्यांतले ६० टक्के एकट्या अ तुकडीचे. पटावर अ तुकडी आहे ३४ टक्के. तुकड्या आठवीच्या मार्कांवर पाडल्या जायच्या, हे तुम्हाला सांगायला नको. क तुकडीतल्या २३ मुलींपैकी फॉर्म भरला होता एकीने.

समितीच्या फोनवर मी हे सांगितलं तर एक जण म्हणाला, "अगं, जे आले नाहीत ते शिकले नसतील, त्यात काय." मला राग आला, पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. मी त्याला उत्तर देण्याच्या भरात ५३ भागिले १५४ केलं आणि म्हटलं, मग ३४ टक्के छापा, ८५ नको. हीही चूकच होती. 'फॉर्म भरला नाही' हा रकाना म्हणजे 'पदवीधर नाही' हा रकाना नव्हे. त्या ९२ जणांत एकही पदवीधर नसेल तर उत्तर ३४ टक्के. सगळेच्या सगळे असतील तर ९४ टक्के. आपल्याला ठाऊक आहे ते एवढंच, की खरा आकडा ३४ आणि ९४ च्या मध्ये कुठेतरी आहे. म्हणजे काहीच ठाऊक नाही म्हणा ना.

त्या क तुकडीच्या पटावर एक नाव होतं. पाचवी ते आठवी ती माझ्या बाकावर बसायची. तिचं नाव इथे घेत नाही, तिने घेऊ नको म्हणून सांगितलंय. अपूर्णांक तिने मला शिकवले, बाईंनी नाही. बाई, माफ करा. आठवीच्या वार्षिकच्या वेळी तिची आई दवाखान्यात होती, दोन पेपर तिने दिलेच नाहीत, आणि नववीत ती क मध्ये गेली. दोन वर्गांच्या मध्ये एक जिना होता. दोन वर्षं मी तो जिना चढून तिच्याकडे किती वेळा गेले, ते मोजण्यासारखं नाही. टायटॅनिक बघायलाही ती नव्हती. तिला विचारलं होतं की नाही, तेही आज मला आठवत नाही.

नंबर मिळवायला मला चार दिवस लागले. जुन्या पत्त्यावर कुणी नाही, मग तिच्या चुलतभावाचं सायकलचं दुकान, मग त्याच्याकडून. मी फोन केला. मी कोण ते तिला दोनदा सांगावं लागलं. मग ती म्हणाली, "मेळावा आहे होय? मला कुणी कळवलंच नाही." फॉर्मबद्दल सांगितलं तर म्हणाली, "माझा साधा फोन आहे गं, बटणाचा. उन्हात वापरायला तोच बरा." ती पतसंस्थेची पिग्मी गोळा करते, आपल्याच बाजारपेठेत. वीस वर्षं. दर दिवाळीला मी त्या पेठेतून जाते. ती म्हणाली, "मी बघते ना तुला. तू गाडीत असतेस."

मला पुढे काय बोलावं कळेना, म्हणून मी फॉर्ममधलेच प्रश्न विचारायला लागले. शिक्षण? माझ्या मनात उत्तर तयार होतं आणि त्याबद्दल वाईट वाटून घेण्याचीही तयारी होती. ती म्हणाली, "बी.कॉम. केलं की मी. मुक्त विद्यापीठातून. धाकटा बालवाडीत होता तेव्हा सुरू केलं, तो चौथीत गेला तेव्हा संपलं. हिशेब माझा चांगला होता ना पहिल्यापासून."

५४.

अडचणीच्या प्रश्नाला ती हसली. "अडचण? अगं, नववीची पुस्तकं मी अर्ध्या वर्षाने घेतली, वरच्या वर्गातल्या मुलीची जुनी." हे उत्तर आपल्या रंगीत गोलात नव्हतं. ज्यांना अडचण होती त्यांच्यापर्यंत प्रश्नच पोचला नव्हता आणि ज्यांच्यापर्यंत पोचला त्यांनी प्रामाणिकपणे 'नाही' लिहिलं.

तर मुखपृष्ठावरून तो आकडा काढला आहे. संयोजकांचे आभार, छपाई सुरू व्हायला दोन दिवस असताना त्यांनी माझं ऐकलं, थोडे वैतागून का होईना. आत एका पानावर तो तक्ता तसाच छापला आहे, तिसरा रकाना 'अजून ठाऊक नाही' असा. शाळेच्या पत्रकासाठी सरांना मी विनंती केली आहे की आपल्याकडून आकडा घेऊ नका, किंवा घेतला तर '६२ पैकी ५३' असा घ्या. सर म्हणाले, पालकांना टक्के आवडतात. आमचं त्यावर अजून एकमत झालेलं नाही. निधीचा ठराव समितीने थांबवला आहे, रद्द केलेला नाही. बक्षीस द्यायचं की नववीच्या वर्गाला पुस्तकांचे संच घ्यायचे, हे त्या ९२ पैकी जितक्यांना विचारता येईल तितक्यांना विचारून पुढच्या महिन्यात ठरवायचं आहे. कदाचित तेही बक्षीसच द्या म्हणतील. म्हणू देत, पण विचारू तर या.

गेल्या तीन आठवड्यांत आणखी १९ जण सापडले. कुणी रिक्षा चालवतं, एक जण सैन्यातून निवृत्त होऊन आला आहे, एकीची रोपवाटिका आहे, दोघं या जगात नाहीत. त्यांच्यासाठी फॉर्ममध्ये रकानाच नव्हता, तो हाताने आखला.

ब आणि क तुकडीची पूर्ण यादी मी मागे पाण्याच्या टाकीशेजारच्या टेबलावर ठेवली आहे. ज्यांचा पत्ता लागलेला नाही त्यांच्यापुढे जागा कोरी आहे. जेवायला जाताना एकदा नजर टाका. गाव, भावाचं दुकान, सासरचं आडनाव, काहीही आठवलं तरी लिहा. चुकीचं आठवत असेल तरी लिहा, मी पडताळून बघेन.

आणि माझी बाकावरची मैत्रीण आज यायची आहे. रविवारचा बाजार असतो, दुकानदारांकडे पैसे आजच मिळतात, म्हणून सकाळी जमणार नाही म्हणाली. दीडपर्यंत येते म्हणाली. बाई, तुम्ही तेवढं थांबा. यादीजवळचं पेन मी दोऱ्याने बांधून ठेवलंय, कृपा करून नेऊ नका.